यंत्र दिले, मोल्डचे काय?

संपादक महोदय,

शिबिरात चिमुकल्याच्या कानाला श्रवणयंत्र लावतानाचे छायाचित्र आपल्या पानांवरही अधूनमधून झळकते. सहा महिन्यांनी ते यंत्र पुष्कळदा कपाटात पडलेले असते. दोष घरच्यांना दिला जातो. खरे कारण असते मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला, यंत्राचा आवाज कानात पोचवणारा साचा.

पहिल्या वर्षात बाळाचा कान इतक्या झपाट्याने वाढतो की मोल्ड दोन-तीन महिन्यांतच सैल होतो. फटीतून निसटलेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. शिट्टी नको म्हणून आई आवाज कमी करते. मग ऐकू काहीच येत नाही, बाळ यंत्र ओढून काढते आणि आजी म्हणते, 'राहू दे बाई, त्याला सोसत नाही.' वास्तविक यंत्र तेच चालते, फक्त कानाचे नवे माप घेऊन मोल्ड बदलावा लागतो. हे यंत्र देतानाच सांगायला हवे.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम आणि कूलरची ओल यांचाही त्रास होतो. नळीत बारीकसा थेंब अडकला तरी आवाज बसतो. मोल्ड यंत्रापासून सोडवून दाबायच्या रबरी फुग्याने (ब्लोअरने) हवा मारावी. तोंडाने फुंकल्यास उलट वाफच आत जाते. रात्री सेल काढून यंत्र सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. नव्या सेलचे स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच तो बसवावा, कारण हवा आत गेल्यावरच तो पूर्ण ताकदीने चालतो. सेलच्या कप्प्याला कुलूप हवेच. मुलाने सेल गिळला किंवा नाकात घातला, तर थेट दवाखाना गाठावा.

रोज सकाळी यंत्र आधी घरातल्या मोठ्या माणसाने ऐकण्याची नळी लावून स्वतः ऐकावे. मग मुलाच्या पाठीमागून, कूलर बंद करून, नेहमीच्या आवाजात आ, ई, ऊ, म, श, स म्हणावे. कालपर्यंत 'स' ला वळणारे मूल आज वळले नाही, तर सेल, नळी, मोल्ड तपासावेत; सर्दी असेल तर कान डॉक्टरांना दाखवावा.

आणि 'टाळीला वळतो, म्हणजे ऐकू येते' यावर विसंबू नये. टाळीची हवा, हाताची सावलीही बाळाला कळते. ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, यंत्र सहाव्यापर्यंत व्हावे. बेरा तपासणीत आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजतात; तिला बाळ झोपलेले लागते, म्हणून वाटेत ऑटोत झोपू देऊ नये. तिथे पोचल्यावरच पाजावे.

नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मोल्डचे माप घेण्यासाठी आठवड्याचा एक वार ठरवून तो जाहीर करावा. माप घ्यायला काही मिनिटेच लागतात. तयार मोल्ड काटोल, उमरेड, रामटेकच्या सरकारी रुग्णालयांत पोचवावेत, म्हणजे पालकांची दुसऱ्या खेपेची मजुरी बुडणार नाही.

– कर्णबधिर बालकांसोबत काम करणारे काही ऑडिओलॉजिस्ट व विशेष शिक्षक, नागपूर