पाच एचपीचं कौतुक पुरे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात पान तीनवर त्या कॉलेजच्या नव्या केमिस्ट्री लॅबच्या उद्घाटनाची बातमी वाचली. चेअरमन, आमदार, सरपंच, पंच, सगळ्यांची नावं मानापानाप्रमाणे छापलीत, अभिनंदन. पण फ्यूम हूडला (प्रयोगातला घातक धूर ओढून बाहेर टाकणारं काचेचं कपाट) पाच एचपीचा शक्तिशाली ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा पंखा, बसवलाय हे वाचलं आणि चहा तसाच राहिला. एचपी सांगून ब्लोअर कळतो होय?

अहो हूडला लागते ती हवा. तोंड ५ फूट रुंद, काच २ फूट वर केलेली, म्हणजे १० चौरस फूट झाले. तिथून हवा आत शिरायला हवी मिनिटाला साधारण १०० फूट वेगाने, म्हणजे मिनिटाला १००० घनफूट हवा, यालाच १००० सीएफएम म्हणतात. झाला पहिला आकडा. मग हूड, डक्ट, बेंड यातून ती हवा ओढताना जो अडथळा होतो ते स्टॅटिक प्रेशर, ते पाण्याच्या इंचात मोजतात, समजा दीड इंच धरा. या दोन आकड्यांवर ब्लोअर निवडायचा, कंपनीकडून त्याचा कर्व्ह (किती प्रेशरला किती हवा देतो याचा आलेख) मागायचा आणि दीड इंचाला तो खरंच हजार सीएफएम देतो का ते बघायचं. एवढ्या कामाला हिशेबाने अर्धा एचपी लागतो, मार्जिन धरून एक घ्या. बातमीत हूड तर एकच आहे, मग पाच कशाला? आणि जास्त ओढ म्हणजे जास्त सेफ असंही नाही, वेग दीडशेच्या वर गेला की तोंडाशी भोवरे होतात आणि धूर उलट माणसाच्या नाकाकडे येतो. शिवाय २० बाय ३०ची, १० फूट उंच खोली असेल तर हजार सीएफएम म्हणजे तिच्यातली सगळी हवा सहा मिनिटांत बाहेर, फोटोत एसी दिसतोय, खिडक्या सगळ्या बंद, मग आत नवी हवा येणार कुठून हे फीत कापताना कोणी विचारलं का?

कोटेशन मागवतानाच 'एक ब्लोअर, अमुक एचपी' एवढंच लिहितात, मग जो सगळ्यात स्वस्त तो एल-वन, म्हणजे काम त्याला. सीएफएम किती, प्रेशर किती, काही नाही.

मी हे सगळं भोगलंय. मी ज्या कॉलेजात लॅब असिस्टंट होतो (नाव घेत नाही, पेन्शनर माणूस) तिथे मे महिन्याच्या सुट्टीत विजेचा मेन बोर्ड बदलला. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं, सॉल्ट ॲनालिसिसची प्रॅक्टिकलं लागली आणि हूडमध्ये किप्स (हायड्रोजन सल्फाइड गॅस तयार करायचं काचेचं उपकरण) ठेवलं तरी कुजक्या अंड्याचा वास पार जिन्यापर्यंत. ऑफिसला सांगितलं, लेखी दिलं. उत्तर काय, ब्लोअर बंद आहे का? नाही ना, चालतोय ना, मग? कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आला, हूडच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली, पट्टी जराशी आत हलली, झालं, म्हणाला ओढतोय की, तुम्ही काच नीट लावत नाही. आमचा अटेंडंट नाकाला रुमाल बांधून किप्स धुवायचा, तोही म्हणायला लागला सर असू दे, नाहीतर आपल्यावरच यायचं. गणपतीची चवथ आली, गेली, वास तिथेच.

शेवटी एका मुलीचे वडील, वेर्ण्याला औषध कंपनीत मेंटेनन्स बघणारे, फी भरायला आले होते. वास आला तसे विचारत विचारत लॅबमध्ये, तिथून थेट गच्चीवर. मला म्हणाले स्विच बंद करा आणि बघत राहा. मोटर मंदावत आली तसा तिच्या मागच्या पंख्याच्या पाती दिसायला लागल्या, आणि त्या केसिंगवरच्या रंग उडालेल्या बाणाच्या बरोबर उलट्या दिशेला फिरत होत्या! बोर्ड बदलताना विजेच्या तीन फेजपैकी दोन अदलाबदल झालेल्या, तसं झालं की मोटर उलटी फिरते. सेंट्रिफ्युगल ब्लोअर उलटा फिरला तरी हवा त्याच बाजूला ढकलतो, फक्त फार थोडी, म्हणून पट्टी हलत होती. तीनपैकी दोन वायरींची परत अदलाबदल केली, संध्याकाळपर्यंत वास गायब. वर त्या कॉन्ट्रॅक्टरने 'सर्व्हिसिंग'चं बिल लावलं आणि ते पासही झालं. मला मात्र विचारणा, बाहेरच्या माणसाला गच्चीवर का नेलं म्हणून.

तर आता तुमचा फोटो नीट बघा. ब्लोअर हूडच्या डोक्यावरच बसवलाय. म्हणजे पुढचा सगळा पाइप बिल्डिंगच्या आतून दाबाखाली जाणार, सांधा जरा सुटला की ॲसिडचा धूर वरच्या वर्गात. तो गच्चीवर ठेवला तर आतल्या पाइपमध्ये ओढच राहते, गळती झाली तरी हवा आत येते, बाहेर जात नाही. बॉडी लोखंडाची दिसतेय, निळा रंग मारलेली. समुद्र जवळ, चार महिने पाऊस आणि आतून हायड्रोक्लोरिकची वाफ, किती टिकेल सांगा. पीपी (प्लास्टिक) किंवा एफआरपी (फायबर) घ्यायला काय झालं होतं? सॉल्व्हंट वापरणार असतील तर मोटर हवेच्या वाटेबाहेर आणि इंपेलर, म्हणजे आतलं फिरतं चाक, ठिणगी न पाडणारा हवा, ते बघितलंय की नाही देव जाणे. आणि खिडकीबाहेर जो पाइप दिसतोय त्याला वर टोपी! पाऊस आत जातो म्हणून टोपी घालतात आणि ती धूर परत खाली ढकलते. पाइप गच्चीच्या वर १० फूट सरळ न्या, वेग चांगला ठेवा आणि ब्लोअरच्या बुडाला पाणी जायला एक भोक पाडा, पत्र्याच्या टोपीपेक्षा स्वस्त पडतं.

तुमच्या वार्ताहराला विनंती, एकदा परत जाऊन तिथल्या प्राध्यापकांना विचारा की काचेच्या तोंडाशी ॲनिमोमीटर धरून किती वेग आला, आणि तो आकडा छापा. ॲनिमोमीटर नसेल तर उद्घाटनाच्या अगरबत्त्या उरल्या असतीलच, एक पेटवून तोंडाशी धरा आणि धूर कुठे जातो त्याचा फोटो काढा, पाहुण्यांशिवाय.

आणि जाता जाता, माझं मागचं पत्र तुम्ही अर्ध्यावर कापलंत, त्यात मुद्दा हा होता की पावसात पेपर प्लास्टिकच्या पिशवीत घालून टाकायला सांगा. आजचाही पेपर इस्त्री फिरवून वाचला.

एक निवृत्त लॅब असिस्टंट,
फोंडा