नामचेतला वाचवलेला दिवस

महोदय,

एव्हरेस्ट बेस कॅम्पचा ट्रेक झटपट उरकून देणाऱ्या जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. रजा कमी असते, मान्य. पण ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, हा नियम शरीराचा आहे. तो रजेच्या अर्जावर बदलत नाही. लुक्ला २,८६० मीटरवर, नामचे बाजार ३,४४० वर, बेस कॅम्प ५,३६४ वर. नामचेत एक जादा मुक्काम करतात तो याचसाठी, शरीराला विरळ हवेची सवय व्हावी म्हणून. आम्ही शहाण्यांनी तो वाचवला.

बेस कॅम्पच्या अलीकडे, लोबुचेच्या मुक्कामी, रात्री सोबत्याचं डोकं ठणकू लागलं. सकाळी त्याला बुटाची नाडी बांधता येईना, उभा राहिला तर झोक जाऊ लागला. आमचा शेर्पा वाटाड्या फार बोलला नाही. ‘खाली,’ एवढंच. गोळ्या, ऑक्सिजन हे सारं वेळ काढण्यापुरतं. खरा उपाय उतरणं. खाली फेरिचे गावाला पोचेपर्यंत गडी बराच माणसात आला. बेस कॅम्प राहिला तो राहिलाच.

शिखरांचे फोटो छापा, पण जाहिरातीत विश्रांतीचे दिवस किती, हेही ठळक अक्षरांत येऊ द्या.

– एक वाचक