आमच्या गावच्या आशा सेविका अक्कांना

अक्का, समोर आलात की घसा दाटतो, म्हणून इथं लिहितोय. गावातली पोरं तुम्हाला दाखवतीलच. बाळ सिव्हिलातनं घरी आलंय, दूध ओढतंय, भूक लागली की घर डोक्यावर घेतंय.

तुम्ही आलात त्या दिवशी मात्र सगळे म्हणत होते, पोर किती शांत आहे. आदल्या दिवशीच तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात दाखवून आणलं होतं. दूध नीट ओढत नाही, उठवलं तरी उठत नाही, असं बायको सांगत होती, तर त्या डॉक्टरांनी दुपट्यातनं बाहेरसुद्धा काढलं नाही, ताप नाही ना मग गॅस असेल म्हणाले, ड्रॉप्स लिहिले आणि पुढचा पेशंट बोलावला. भिंतभर डिग्र्या, पण पोटावरचं कापड वर करायला वेळ नाही. हा राग माझा अजून गेला नाही.

तुम्ही पावसात भिजून आलात, साबणानं हात धुतलात, चोळून गरम केलात, मग अंगडं वर करून घड्याळ धरून पुरं एक मिनिट श्वास मोजलेत, आणि परत पहिल्यापासून मोजलेत. दोन्ही वेळेला 60 च्या वर, म्हणजे धोक्याचंच. छाती बरगड्यांखाली आत ओढली जात होती, ते तुम्ही बोट दाखवल्यावर मला दिसलं.

पण मनात राहिलंय ते वेगळंच. आई म्हणाली, कालच डॉक्टरला दाखवलंय, अंग गार आहे, ताप कुठाय? दुसरं कुणी असतं तर तिला गप बसवलं असतं. तुम्ही तिचा हात धरून उलट्या बाजूनं बाळाच्या पोटाला लावलात, मग तळपायाला, आणि म्हणालात, "आई, तुम्हीच सांगा." पाय बर्फासारखे, पोटही गार. एवढ्या लहान बाळाला इन्फेक्शन झालं की ताप येतोच असं नाही, ते गार पडतं, गप पडतं, एवढंच तुम्ही सांगितलंत. थर्मामीटरनं 35.5 अंश सेल्सिअसच्या खाली दाखवलं, पण त्याच्या आधीच आई म्हणाली होती, गाडी बोलवा.

108 मध्ये बाळाला टोपी घालून बायकोच्या उघड्या छातीशी लावलंत, वरून गुंडाळलंत, ड्रायव्हरशी कन्नडात बोललात. पुढचं सिव्हिलातल्यांनी केलं, रक्तात इन्फेक्शन निघालं, त्यांचेही उपकार आहेतच.

असं माणसासारखं वागणाऱ्या आशा बायकांना 2025 च्या जानेवारीत मानधनासाठी बेंगळुरूच्या फ्रीडम पार्कात थंडीत आंदोलनाला बसावं लागलं, याची लाज सरकारला वाटायला पाहिजे.

आई आता गल्लीतल्या बाळंतिणींना सांगत असते, तळहात-तळपाय पिवळे दिसले, झटका आला, बेंबीतनं पू आला, दूध सोडलं, तर वाट बघायची नाही. हात उलटा करून दाखवतेसुद्धा.

बारसं सोमवारी ठरवलंय, पाळण्यात घालायचा मान तुमचा, हे आईनंच ठरवलंय. त्या दिवशी ड्युटी असली तर सांगा, तारीख आम्ही बदलू.