धान्यातल्या गोळ्या घरात नकोत

मा. संपादक,
स. न.

पोळ्याच्या चार दिवस आधीची गोष्ट. दोन दिवसांपासून झड लागली होती. माझी जाऊ आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा झोपतात त्याच खोलीत आमची गव्हाची कोठी आणि तुरीचे चार कट्टे असतात. ओल येऊ नये म्हणून खिडकी लावलेली. पहाटे पोरगा ओकायला लागला, जावेला धाप लागली. ताप नव्हता, जेवण सगळ्यांचं एकच. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी हेच विचारलं, ‘घरात धान्याला गोळी लावली आहे का?’ लावली होती. तुरीत भुंगे दिसले म्हणून आदल्या दिवशी मीच चिंधीत बांधून कट्ट्यांत ठेवल्या होत्या. देवाच्या कृपेने दोघंही वाचले. पण त्या पहाटेपासून माझ्या जिवाला चैन नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या गावात क्वचितच एखादं घर या गोळ्यांशिवाय असेल. सासूबाई म्हणत, ‘एक डाव गोळी टाकली का सालभर पाहाचं काम नाही.’ त्यांनाही दुकानदाराने तेवढंच सांगितलेलं. बाईला दोष तरी कसा द्यावा? वर्षभराची तूर डोळ्यांदेखत पोखरली जाते. किडक्या गव्हाच्या पिठात किड्यांची विष्ठा, कात, मेलेले सोंडे सगळंच दळलं जातं. पोळी कडवट लागते, लेकरं ताट सारतात.

या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या. हवेतली ओल लागली की त्यातून फॉस्फीन वायू निघतो, ३ ग्रॅमच्या एका गोळीतून १ ग्रॅम. हवा जितकी दमट तितका तो लवकर सुटतो, आणि भुंगे दिसतात तेही नेमके पावसाळ्यात. या विषावर उतारा नाही, हे मला त्या दिवशी कळलं. शिवाय हा वायू कोंडून राहिला तरच कीड मरते. सुतळीच्या कट्ट्यातून तो बाहेर निघून जातो. म्हणजे भुंगे जिवंत राहतात आणि वायू आपल्या लेकरांच्या नाकात जातो. उरलेली राखाडी भुकटी आम्ही उकिरड्यावर फेकत होतो, जिथे कोंबड्या चरतात.

केंद्राच्या नियमाप्रमाणे ही धुरी सरकारी यंत्रणेने किंवा कीडनियंत्रणाचं काम करणाऱ्यांनी सरकारी किंवा सरकारमान्य तज्ज्ञांच्या देखरेखीखाली द्यायची आहे. १० आणि २० गोळ्यांच्या नळ्यांवर तर पूर्ण बंदी आहे. मग आमच्या बाजारात एकेक गोळी कागदात बांधून कशी मिळते? २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून शेतातल्या फवारणीसाठी मास्क, हातमोजे यावर बरंच बोललं गेलं. घरातल्या कोठीजवळ मात्र कोणी आलं नाही.

तुरीचा भुंगा बहुतेकदा शेतातूनच सोबत येतो, हे मला आता समजलं. शेंग वाळत असतानाच मादी तिच्यावर अंडी घालते. घरात दाण्यावर पांढरे ठिपके दिसतात तीही अंडीच. अळी दाण्यात शिरते, आत वाढते आणि गोल भोक पाडून भुंगा बाहेर पडतो. साधारण महिन्याभरात एक पिढी. म्हणून इलाज भरतानाच व्हायला हवा. आमच्या मे महिन्याच्या उन्हाहून स्वस्त औषध कोणतं? काळ्या ताडपत्रीवर तूर पातळ पसरून वर पारदर्शक प्लास्टिक झाकलं, कडा दाबल्या, तर त्या उष्णतेने आतली अळीही मरते (बियाण्याची तूर मात्र अशी तापवू नये). तूर भरडून डाळ करून ठेवली तर भुंगा फारसा लागत नाही, कारण त्याला अख्खा दाणा हवा असतो. डाळीला एरंडेल चोळणं आमच्या आजीला माहीत होतं, आम्ही सोडून दिलं. जुने कट्टे उकळत्या पाण्यातून काढून वाळवावेत, कारण कीड शिवणीत लपून राहते. हवाबंद पिशव्याही मिळतात. त्यात किडे आतला प्राणवायू संपवतात आणि गुदमरून मरतात, कसलंही विष लागत नाही.

माझी कृषी विभागाला विनंती आहे. बोंडअळीसाठी तुम्ही गावात येता, तसे एकदा तूर-हरभरा घरात भरायच्या दिवसांत या, आणि बैठक पुरुषांच्या पारावर नको, बायकांच्या बचत गटात घ्या, कारण कोठी आम्हीच भरतो. हवाबंद पिशव्या बचत गटांमार्फत सवलतीत द्या. सुट्या गोळ्यांची विक्री थांबवा. आणि ज्या मायबहिणींच्या घरात आज गोळ्या आहेत, त्यांनी त्या खोलीत आज रात्री कोणालाच झोपवू नये. दारं-खिडक्या उघड्या टाका आणि लेकरांची अंथरुणं दुसरीकडे घाला.

आपली,
एक शेतकरी गृहिणी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ