छायाचित्राखालची ओळ कापू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पर्यटन पुरवणीत कॅनडाच्या प्रेअरी, म्हणजे गवताळ मैदानांच्या, प्रांतांतून केलेल्या मोटारप्रवासाची छायाचित्रे अधूनमधून प्रसिद्ध होतात. छप्पर खचलेले एखादे लाकडी घर, कॅनोलाच्या पिवळ्याधमक शेताच्या कडेला गंजत पडलेला ट्रक, एका बाजूला कललेले धान्याचे एलिव्हेटर (धान्य साठवण्याची उंच इमारत) अशी ती दृश्ये असतात आणि त्यांखाली बहुधा 'काळाने विसरलेले गाव' किंवा 'भुताटकीचे गाव' एवढेच छापलेले असते. गेली चौदा वर्षे मी सस्कॅचेवान प्रांतातील रेजायना येथे राहतो आणि उन्हाळ्यातील बहुतेक सुट्ट्या याच वास्तू शोधण्यात आणि त्यांची छायाचित्रे घेण्यात घालवतो. त्या अनुभवावरून आपल्याला आणि आपल्या छायाचित्रकार वाचकांना एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते, ती म्हणजे अशा छायाचित्राखालची ओळ छायाचित्राइतकीच महत्त्वाची आहे आणि तिच्यात गावाचे नाव, वास्तूचा उपयोग, छायाचित्राचे साल आणि मालकाची संमती या चार बाबी असल्याच पाहिजेत.

या मैदानांवरचे कोणतेही गाव योगायोगाने वसलेले नाही. १८७२च्या डोमिनियन लँड्स अ‍ॅक्टनुसार दहा डॉलर शुल्क भरून १६० एकरांचा तुकडा, म्हणजे एका चौरस मैलाच्या सेक्शनचा चौथा हिस्सा (क्वार्टर), घेता येत असे. तीन वर्षे तेथे राहून, घर बांधून आणि जमीन फोडून दाखवली की तो नावावर होई. पिकलेला गहू घोडागाडीने नेऊन त्याच दिवशी घरी परतता यावे, म्हणून रेल्वेच्या कडेने आठ-दहा मैलांच्या अंतराने एलिव्हेटर उभे राहिले आणि त्यांच्या आधाराने गावे वाढली. ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेने तर आपल्या मार्गावरच्या गावांना रोमन वर्णमालेच्या क्रमानेच नावे दिली. सस्कॅचेवानमध्ये आजही वॉट्रस (W), झीना (X), यंग (Y) आणि झेल्मा (Z) ही चार नावे नकाशावर ओळीने दिसतात आणि त्यांची आद्याक्षरे ही त्या वर्णमालेतली शेवटची चार अक्षरे आहेत. त्यांपैकी झीना येथे आज गाव म्हणावे असे फारसे काही उरलेले नाही. तेथे काढलेल्या छायाचित्राखाली नाव नसेल, तर त्या ओळीतले ते अक्षर गळून पडते आणि पाहणाऱ्याला ते एखादे कुठलेही ओसाड माळरान वाटते.

एलिव्हेटर हा शब्द मराठी वाचकाला उद्वाहकाची (लिफ्टची) आठवण करून देतो, आणि यंत्रणेच्या अर्थाने ते बरोबरही आहे. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने मला स्वतःच्या मालकीचे जुने एलिव्हेटर आतून दाखवले. बाहेरून सत्तर-ऐंशी फूट उंचीचा एक उभा लाकडी ठोकळा दिसतो. आत गेल्यावर लक्षात येते, की त्याच्या भिंती फळ्या उभ्या मारून केलेल्या नाहीत. जाड फळ्या आडव्या, एकावर एक पालथ्या रचून खिळ्यांनी जखडल्या आहेत, कारण हजारो मण गव्हाचा दाब आतून बाहेर ढकलत असतो आणि तो पेलण्यासाठी भिंत तशीच भरीव लागते. शेतकरी उतारावरून गाडी काट्यावर आणी, वजन होई, मग धान्य जमिनीखालच्या खड्ड्यात ओतले जाई. तेथून पट्ट्यावर बसवलेल्या वाट्यांची अखंड माळ ते शिखरापर्यंत चढवी आणि वरून नळकांड्यातून ज्या त्या कोठारात सोडी. शेजारी रेल्वेचा डबा उभा केला, की तेच धान्य स्वतःच्या वजनाने त्यात उतरे. धान्याची धूळ ठिणगीने स्फोट पावते, म्हणून इंजिन आणि कचेरी मुख्य इमारतीपासून वेगळ्या खोपटात ठेवलेली असत. त्या काट्याजवळच्या फळीवर पेन्सिलीने केलेले वजनांचे हिशेब मी पाहिले. बेरजा, वजाबाक्या, एका ठिकाणी खोडून पुन्हा मांडलेला आकडा. जुन्या गव्हाचा एक कोरडा, गोडसर वास अजूनही त्या लाकडात होता. मालकाने बोटाने एका नोंदीकडे निर्देश केला आणि ते आपल्या वडिलांचे अक्षर असल्याचे सांगितले. त्या भिंतीच्या छायाचित्राखाली 'भुताटकी' हा शब्द छापण्याचा धीर मला तरी होणार नाही.

१९३०च्या दशकात प्रेअरी प्रांतांत असे साडेपाच हजारांहून अधिक एलिव्हेटर होते. आज उरलेले काही शेकड्यांत मोजावे लागतात. त्याच दशकातल्या दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी दक्षिणेकडची असंख्य शेते ओस पाडली. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी मोटारींची इंजिने काढून त्यांना घोडे जुंपले आणि तेव्हाचे पंतप्रधान आर. बी. बेनेट यांच्या नावावरून त्या गाड्यांना 'बेनेट बग्गी' म्हटले. पुढे ट्रॅक्टर मोठे झाले, शेते विस्तारली, माणसे कमी लागू लागली. शेवटचा मोठा घाव वाहतुकीच्या दरांचा होता. सरकार आणि रेल्वे कंपनी यांच्यातल्या १८९७च्या क्रोज नेस्ट पास करारापासून धान्याच्या रेल्वेवाहतुकीला मिळत आलेली सवलत १ ऑगस्ट १९९५ रोजी संपली, तोट्यातल्या लहान फाट्यांवरचे रूळ उखडले गेले आणि शंभर-शंभर डब्यांच्या गाड्या भरणारी सिमेंटची प्रचंड टर्मिनल्स मुख्य मार्गांवर उभी राहिली. रूळ गेले तसे एलिव्हेटर गेले, आणि एलिव्हेटरपाठोपाठ गावाची शाळा, दुकान आणि टपालकचेरीही बंद पडली. यात काळाच्या विस्मरणाचा काही भाग नाही. निर्णय माणसांनी घेतले आणि त्यांच्या तारखा उपलब्ध आहेत.

विसरणे हा शब्द मला म्हणूनच खटकतो. मॅनिटोबातील इंग्लिस येथे १९२२ ते १९४१ या काळात बांधलेले पाच एलिव्हेटर एका रांगेत जपले गेले आहेत आणि ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. अल्बर्टातील नॅन्टनच्या नागरिकांनी आपले एलिव्हेटर पाडले जाण्याआधी वाचवले. त्याच प्रांतातील राउली हे गाव सर्रास 'घोस्ट टाउन' म्हणून दाखवले जाते. पण तेथे मोजके का होईना रहिवासी आहेत आणि त्यांनी वर्षानुवर्षे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी पिझ्झाची संध्याकाळ भरवून जुन्या इमारतींच्या डागडुजीसाठी पैसा उभा केला आहे. उलट सस्कॅचेवानच्या फ्लेमिंग येथील १८९५चे एलिव्हेटर, देशात मूळ जागी उभ्या असलेल्या सर्वांत जुन्यांपैकी एक, दुरुस्तीचे प्रयत्न सुरू असतानाच फेब्रुवारी २०१०मध्ये आगीत नष्ट झाले. आज ते पाहायचे तर छायाचित्रांतूनच पाहावे लागते, आणि त्यांतली ज्यांवर साल आणि दिशा नोंदलेली आहे तीच अभ्यासकाच्या खऱ्या उपयोगाची आहेत.

नावे शोधणे अवघडही नाही. येथील प्रत्येक ग्रामीण पालिकेच्या कचेरीत कोणता क्वार्टर कोणाच्या मालकीचा आहे हे दाखवणारा नकाशा विकत मिळतो. १९८०मध्ये सस्कॅचेवान प्रांताला पंचाहत्तर वर्षे झाली, तेव्हा गावोगावच्या लोकांनी आपापल्या परिसराचे इतिहासग्रंथ छापले. कोणते कुटुंब कोणत्या क्वार्टरवर कधी आले, किती मुले होती, शाळा कधी बंद झाली, हे सारे त्यांत कुटुंबवार दिलेले असते आणि ते गावच्या वाचनालयात मिळतात. घर पूर्ण नाहीसे झाले असले तरी जागा सापडते, कारण वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेली कॅरागानाची कुंपणे अजून चौकोन धरून उभी असतात. इंडियन हेड येथील सरकारी रोपवाटिकेने शेतकऱ्यांना पुरवलेली ही सायबेरियातली काटक झुडपे घर बांधणाऱ्यांच्या पश्चातही तग धरून आहेत. जूनच्या सुरुवातीला मोकळ्या रानात मध्येच लायलॅकचे फुलझाड फुललेले दिसले, की तेथे कोणाचे तरी अंगण होते असे खुशाल समजावे.

संमतीचा मुद्दा केवळ सौजन्याचा राहिलेला नाही. सस्कॅचेवानमध्ये १ जानेवारी २०२२पासून खासगी शेतजमिनीवर पाऊल ठेवण्यापूर्वी मालकाची परवानगी घेणे कायद्याने बंधनकारक आहे, मग तेथे फलक असो वा नसो. अल्बर्टात २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शेतकऱ्यांची भीतीही खरी आहे. कॅनोलाच्या मुळांना गाठी आणणारा क्लबरूट हा रोग मातीतून पसरतो, त्याचे बीजाणू वर्षानुवर्षे जिवंत राहतात आणि ते बुटांच्या तळव्यांतून व मोटारीच्या टायरांतून एका शेतातून दुसऱ्यात जातात. वाळक्या गवतावर उभ्या केलेल्या मोटारीचा तापलेला धूरनळा वणवा लावू शकतो. मी आजवर फोन करून किंवा दारात जाऊन परवानगी मागितली, त्यांपैकी फार थोड्यांनी नकार दिला. बहुतेकांनी घरात बोलावले आणि जे कोणत्याही नकाशात नाही ते सांगितले.

हे सर्व मी आरंभापासून पाळत आलो, असे म्हणणे खोटे ठरेल. येथे आल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात एका निर्जन चर्चचे छायाचित्र मी समाजमाध्यमावर टाकले आणि कौतुकाच्या भरात त्याचे नेमके स्थानही जोडले. त्या चर्चला कांद्याच्या आकाराचा लहानसा घुमट होता, युक्रेनी वसाहतकरी बांधत तसा, आणि पश्चिमेकडच्या खिडकीला लाल-निळ्या काचा होत्या. संध्याकाळी त्यांचा रंग समोरच्या बाकांवर पडे. पुढल्या वर्षी मी पुन्हा गेलो तेव्हा खिडकी चौकटीसकट काढून नेलेली होती, दाराच्या बिजागऱ्याही गेल्या होत्या आणि त्या भगदाडातून शिरलेल्या पावसाने बाकांखालची जमीन उचकटली होती. माझ्या छायाचित्रामुळेच ते झाले, याचा पुरावा माझ्याजवळ नाही. परंतु ज्या कोणी ती खिडकी नेली, त्याला वाट दाखवण्याइतकी माहिती मी जाहीरपणे मांडली होती, हे मला नाकारता येत नाही. त्या चर्चच्या देखभालीला दरवर्षी दोन-तीन कुटुंबे येत असत, हेही मला नंतरच कळले.

तेव्हापासून मी एक पद्धत ठरवून घेतली आहे. प्रत्येक वास्तूची संपूर्ण नोंद, म्हणजे जमीनमोजणीतले क्वार्टर, सेक्शन, टाउनशिप, तारीख, छायाचित्राची दिशा आणि मालकाने सांगितलेली माहिती, मी वहीत लिहितो आणि तिची प्रत जवळच्या स्थानिक संग्रहालयाला देतो. प्रसिद्ध करताना मात्र राखण नसलेल्या इमारतीच्या बाबतीत परिसराचे किंवा पालिकेचे नाव देऊन थांबतो. यामुळे ओळीची किंमत कमी होते असे मला वाटत नाही; गावाचे नाव देणे वेगळे आणि दारापर्यंतचा रस्ता आखून देणे वेगळे.

वस्तू उचलण्याबाबत तर दुमत असूच नये. खिडकीतली बाटली, दाराची कडी, शाळेच्या फळ्याचा तुकडा, यांतले काहीही प्रवाशाच्या मालकीचे नाही. याहून जुन्या खुणांना अधिक जपले पाहिजे, कारण त्या अनेकांना दिसतच नाहीत. माळावर दगडांचे वर्तुळ आढळले तर ते बहुधा कातडी तंबूच्या कडा दाबून धरण्यासाठी मांडलेले असते. क्री, असिनिबॉइन, ब्लॅकफूट या मूळ रहिवासी समाजांची ही भूमी आहे. ब्रिटिश राजसत्तेचे या मूळ रहिवाशांशी १८७४चा चौथा करार आणि १८७७चा सातवा करार झाले तेव्हा येथे कोणी नव्हते असे नाही. त्या वर्तुळातला एक दगड हलवला तरी नोंद कायमची बिघडते. लाकडी घरांच्या ओसाडपणावर हळहळणाऱ्या प्रवाशाने त्या वर्तुळांपाशीही तेवढाच वेळ थांबावे, असे मला मनापासून वाटते.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचेही लिहितो. पावसानंतर येथील चिकणमातीच्या रस्त्यांवर मोटार घालू नये. चाके फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. बंद घरांत उंदरांच्या विष्ठेतून हंटाविषाणूची बाधा होऊ शकते, म्हणून आत धूळ उडवू नये. गवतात दडलेल्या जुन्या विहिरी आणि घरांतली कुजलेली लाकडी जमीन यांचा धोका त्याहून नित्याचा आहे, तेव्हा मालकाने हो म्हटले तरी बाहेरूनच छायाचित्र घेणे शहाणपणाचे. जूनच्या अखेरीस रेजायनात सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि त्याआधीच्या तासाभरात तिरप्या उन्हाने फळीफळीची शीर उठून दिसते, त्यामुळे बाहेर उभे राहिल्याने काही हातचे जात नाही.

या पत्रासोबत एक छायाचित्र पाठवत आहे. ते एका खोलीच्या शाळेचे आहे. आज तिच्यात धान्य साठवले जाते आणि मालकीणबाई स्वतः तिच्यात चौथीपर्यंत शिकल्या आहेत. त्यांनी छापण्यास संमती देताना एकच अट घातली, की ती शाळा होती हे खाली लिहिलेले असावे, कारण हल्ली सगळे तिला कोठार समजतात. मी दिलेली ओळ पाठीमागे लिहिली आहे. जागेअभावी ती कापावी लागणार असेल, तर छायाचित्रही छापू नये, ही विनंती.

आपला,
एक वाचक
रेजायना, सस्कॅचेवान, कॅनडा