‘द प्रिझनर’ कुठल्या क्रमाने बघायची?

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. ‘द प्रिझनर’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेचे तीन भाग बघून झाले तरी गोष्ट पुढे सरकेना, अशी तुझी तक्रार आहे. तुझं लक्ष कमी पडलेलं नाही, क्रमच चुकलाय. १९६७-६८ मध्ये ब्रिटनमध्ये हे १७ भाग ज्या क्रमाने दाखवले, तो चित्रीकरणाचाही क्रम नव्हता आणि कथेचाही नाही.

पुरावा तुझ्यासमोरच येऊन गेलाय. भागाच्या सुरुवातीच्या सवालजबाबात कैदी, म्हणजे पळवून एका गावात कोंडलेला नायक क्रमांक ६, विचारतो, तू कोण? उत्तर येतं, ‘मी नवा क्रमांक २.’ क्रमांक २ म्हणजे गावाचा कारभारी; त्या खुर्चीवरचा माणूस सारखा बदलतो, म्हणून ‘नवा’. तू तिसरा म्हणून पाहिलेल्या ‘ए. बी. अँड सी.’मध्ये मात्र नुसतंच ‘मी क्रमांक २’ ऐकू येतं. कारण त्यातला नट कॉलिन गॉर्डन ‘द जनरल’मध्येही त्याच खुर्चीत आहे आणि तिथे त्याची फजिती झालेली आहे. ती आधी पाहिलीस, की दुधाचे घोट घेत लाल फोनकडे बघणारा तो घाबरलेला माणूस लगेच कळतो. तसंच ‘डान्स ऑफ द डेड’चं. दाखवला आठवा, पण त्यात क्रमांक ६ स्वतःच सांगतो की मी इथे नवा आहे.

तेव्हा आता असं कर. ‘डान्स ऑफ द डेड’, ‘चेकमेट’, ‘फ्री फॉर ऑल’ हे तीन आधी बघ. मग ‘द जनरल’, आणि त्याला लागून ‘ए. बी. अँड सी.’ पुन्हा एकदा. पुढे ‘द स्किझॉइड मॅन’, ‘मेनी हॅपी रिटर्न्स’, ‘इट्स युअर फ्युनरल’, ‘अ चेंज ऑफ माइंड’, ‘हॅमर इनटू अॅन्व्हिल’. प्रत्येक भाग साधारण ५० मिनिटांचा आहे. एका रात्री दोनाच्या वर जाऊ नकोस, नाहीतर सगळे क्रमांक २ डोक्यात एकमेकांत मिसळतात.

शेवट फोडू नको म्हणालास, ते पाळतो. मधल्याबद्दल मात्र बोलणारच, कारण ‘चेकमेट’ नीट पकडला नाहीस तर पुढचं सगळं नुसतं रंगीत छत्र्यांचं गाव वाटेल.

त्या गावात कैदी आणि पहारेकरी एकाच वेशात वावरतात, सगळ्यांच्या छातीवर आकड्याचा बिल्ला. ओळखायचं कसं? हिरवळीवर माणसांच्या सोंगट्या करून बुद्धिबळ चाललेलं असतं, तिथे एक म्हातारा खेळाडू युक्ती सांगतो: वागणुकीवरून. क्रमांक ६ ती लगेच वापरतो. समोरच्याला जरबेने हुकूम सोडायचा; दबला तर कैदी, उलट रोखून बघितलं तर पहारेकरी. अशी पारखून माणसं जमवतो, चोरलेल्या सुट्या भागांतून रेडिओ बनवून घेतो, अपघात झाल्याचा खोटा संदेश पाठवून जहाज जवळ बोलावतो. बेत पक्का. आणि तो फसतो कशाने? कॅमेऱ्याने नाही, कुणी फितूर झाला म्हणूनही नाही. त्याच्याच माणसांनी तीच कसोटी त्याला लावली. एवढ्या रुबाबात हुकूम सोडणारा कैदी कसा असेल? हा पहारेकरीच!

माझ्या मते मालिकेचा गाभा हाच आहे. पुतळ्यांच्या डोळ्यांतले कॅमेरे आणि गोल फिरणाऱ्या दांड्याच्या दोन टोकांना बसून दुर्बिणीतून बघणारे ते दोघे, हा देखावा झाला. खरी पाळत शेजारी ठेवतो, आणि झुंजणाऱ्या माणसाच्या अंगातही थोडा जेलर असतो. शेवटच्या भागावर आजही वाद घालणारे हा धागा विसरतात, म्हणून त्यांना तो शेवट आकाशातून पडल्यासारखा वाटतो.

‘हॅमर इनटू अॅन्व्हिल’मध्ये हेच हत्यार उलटं फिरवलंय. एका बाईच्या मृत्यूला कारण ठरलेल्या क्रमांक २ला (पॅट्रिक कार्गिल, अप्रतिम) तो बोटही लावत नाही. दुकानात जाऊन बिझे या संगीतकाराच्या एकाच रचनेच्या सगळ्या तबकड्या मागतो, घड्याळ लावून एकेक ऐकतो, आणि न घेता निघून जातो. वहीवर चिठ्ठी लिहितो, ती अशी की खालच्या पानावर ठसा उमटावा. दगडी बोटीत कोरे कागद लपवतो. दारात कुकू घड्याळ ठेवून येतो. ते बॉम्ब समजून तपासलं जातं. कोऱ्या कागदांत काही सापडलं नाही, म्हणजे तपासणाराच खोटं बोलतोय! चोराच्या मनात चांदणं. हाताखालची माणसं एकेक करून हाकलून शेवटी क्रमांक २ स्वतःच स्वतःविरुद्ध फोन करतो. हा भाग बघताना क्रमांक ६कडे कमी, कार्गिलच्या चेहऱ्याकडे जास्त बघ.

‘डू नॉट फरसेक मी’, ‘लिव्हिंग इन हार्मनी’, ‘द गर्ल हू वॉज डेथ’ हे तीन शेवटच्या दोनांच्या आधी उरकून टाक. पहिल्यात क्रमांक ६ करणारा पॅट्रिक मॅकगूहन जवळजवळ नाहीच. तो ‘आइस स्टेशन झेब्रा’ या चित्रपटाच्या चित्रीकरणाला गेला होता, म्हणून क्रमांक ६चं मन दुसऱ्याच्या शरीरात घालून नायजेल स्टॉककडून भाग निभावून नेला. मॅकगूहनला मुळात सातच भाग हवे होते, मालिकेला पैसा पुरवणाऱ्या ल्यू ग्रेडला विकायला २६. घासाघीस होऊन १७ झाले, आणि ती ओढाताण इथे दिसते.

‘वन्स अपॉन अ टाइम’ आणि ‘फॉल आउट’ मात्र एका बैठकीत बघ. दोन्हींच्या चित्रीकरणात बऱ्याच महिन्यांचं अंतर पडलं आणि तेवढ्यात क्रमांक २ करणाऱ्या लिओ मॅकर्नने दाढी-केस उतरवले होते. म्हणून ‘फॉल आउट’मध्ये त्याची हजामत होतानाच दाखवलीय.

टीव्हीवरचे रंग फिके करू नकोस. मालिका दाखवणाऱ्या आयटीव्ही या ब्रिटिश वाहिनीवर रंगीत प्रक्षेपण १९६९च्या नोव्हेंबरात सुरू झालं, त्यामुळे तिथल्या पहिल्या प्रेक्षकांनी हे भडक गाव काळं-पांढरंच पाहिलं. तू तरी पूर्ण बघ. गाव खरं आहे: उत्तर वेल्समधलं पोर्टमेरियन, क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुरचनाकाराने १९२५पासून उभारलेलं. शेवटच्या भागाच्या श्रेयनामावलीपर्यंत गावाचं खरं नाव येऊ दिलं नव्हतं. पळणाऱ्यांना अडवणारा तो पांढरा गोळा, रोव्हर, म्हणजे हवामानाचा फुगा. आधी गो-कार्टवर घुमट बसवून यंत्र केलं होतं, ते चाललं नाही. फुगाच जास्त भीतीदायक निघाला, कारण त्याला तोंडच नाही.

२००९ची नवी आवृत्ती नामिबियात चित्रित केलीय, सहा भागांची. इयान मॅकेलनसाठी बघ हवं तर, पण ही संपल्यावरच.

‘चेकमेट’ झाला की लगेच लिही. बुद्धिबळात हत्तीची (रुक) सोंगटी झालेल्या आणि क्रमांक ६ला पहारेकरी समजणाऱ्या त्या माणसाने बरोबर केलं की चूक, यावर तुझं मत मला हवंय. माझं ठरलेलं आहे, पण आत्ता सांगत नाही. वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीकांत