फोन पालथा का ठेवतेस?

सांगली

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

अर्णवला फोन घेऊन द्यावा का, असं परवा विचारलंस आणि मी विषय बदलला, कारण मुक्ता शेजारीच बसली होती. म्हणून हे पत्र. वहिनींना दाखव, काकूंना नको. त्या रात्रभर जाग्या राहतील.

दिवाळीनंतर मुक्ता जेवताना फोन पालथा ठेवायला लागली. आठवीतली पोर, वयच तसं, म्हणून आम्ही सोडून दिलं. एका गेममध्ये तिला 'सई' भेटली होती. फोटोच्या जागी मोगऱ्याची फुलं. आठवडाभर नुसता खेळ आणि कौतुक. मग हळूच, "तुझी आई किती वाजता येते गं?" "तुला वेगळी खोली आहे?" मग दुसऱ्या ॲपवर ये, तिथले मेसेज आपोआप पुसले जातात. तिथे शाळेच्या ड्रेसमधला फोटो मागितला, हिने दिला. पुढचा मागितला तसला दिला नाही, तेव्हा पहिलाच काहीबाही जोडून वर्गात पाठवीन अशी धमकी. सई कसली, कुणीतरी बाप्या होता.

तीन दिवस पोरीने तोंड उघडलं नाही. धमकीला भ्यालीच होती, पण त्याने आणखी एक लिहिलं होतं, "बाबांना कळलं तर तुझाच फोन जाईल." सुहास, हे माझं वाक्य रे! अभ्यास नाही केलास, फोन जाईल. उशिरा झोपलीस, फोन जाईल. मी येता-जाता म्हणायचो आणि त्या माणसाला ते आयतं सापडलं.

कळल्यावर रागाच्या भरात मी सगळं चॅट डिलीट करायला निघालो. नीताने हात धरला. स्क्रीनशॉट, युजरनेम, तारीख-वेळ सगळं ठेवलं, मगच ब्लॉक केलं. केंद्राच्या सायबर क्राइम पोर्टलवर मुलांच्या तक्रारींचा वेगळा विभाग आहे, तिथे नाव न देताही तक्रार करता येते. १०९८ ही मुलांची हेल्पलाइनही आहे. आम्ही नावानिशी केली.

पोलीस म्हटल्यावर मी कचरलो, गल्लीत चर्चा नको म्हणून. पण मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२च्या पोक्सो कायद्यात मुलाचा जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेश न घालता. आमच्याकडे बाई पंजाबी ड्रेसमध्ये आल्या. शेजारच्या मावशींना वाटलं विम्यावाल्या! त्यांनी आधी मुक्ताच्या मांजराचं नाव विचारलं, मग बाकीचं. मुलांना ऑनलाइन असं नादी लावणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमातही बसतं, पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद. तपास चालू आहे.

अर्णवला फोन दे, नको देऊ, तुझं तू ठरव. इन्स्टाग्रामला तेरा वर्षं पुरी लागतात, तोवर ते नकोच. पुढे कधी उघडलंच तर जन्मसाल खरं टाकायला लाव. अठराच्या आतल्यांचं टीन अकाउंट आपोआप प्रायव्हेट असतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज करता येत नाही. वय वाढवून टाकलं की ते सगळं गेलं. आणि काहीही झालं, अगदी त्याची स्वतःची चूक असली, तरी फोन काढून घेणार नाही, असं त्याला आधीच सांग. आणि मग खरंच घेऊ नकोस. हे दुसरं मला अजून जड जातं.

परवा मुक्ता फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. "बाबा, हा कोण? गणपतीचा फोटो आहे, मित्रही कुणी नाहीत." बघतो तर आपला रत्नागिरीचा बंडूकाका, नवीन अकाउंट उघडून बसलाय. तिने तरी ब्लॉकच केला.

वहिनींना नमस्कार, अर्णवला आशीर्वाद.

तुझा,
विनू